आजी, आई, मी आणि पैसा : एक छोटा अभ्यास

आजची तरुण पिढी उधळी आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वर्गात प्राध्यापक म्हणतात, घरी आजी म्हणते आणि लोकलमध्ये शेजारी बसलेल्या काकूही म्हणतात. उलट आम्ही विद्यार्थी मागच्या पिढीला चिकट ठरवून मोकळे होतो. दोन्ही बाजूंची ही मते ऐकून कंटाळा आला, म्हणून यंदा अर्थशास्त्राच्या निमित्ताने मी आमच्याच घरातल्या तीन पिढ्यांचा हिशेब मांडायचे ठरवले. आम्ही कल्याण पूर्वेला कोळसेवाडीच्या बाजूस राहतो. माझ्याआधी आमच्या घरातले कुणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. आजी चौथी शिकली, आई नववीपर्यंत. एका घरावरून साऱ्या समाजाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे मी जाणते. तरीही गिरणगावातून कल्याण-डोंबिवलीकडे आलेल्या अनेक कुटुंबांना यात आपले काही सापडेल, असे वाटते.

आजीचा काळ : हातातला पैसा

आजी मूळची सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात लग्न होऊन ती लालबागच्या चाळीत आली. आजोबा गिरणीत होते. त्यांचा पगार गावाकडे पाठवून मुंबईत पुरत नसे, म्हणून आजीने खाणावळ घातली. गावाकडे बायकामुले ठेवून आलेले पंधरा गिरणीकामगार तिच्याकडे दोन वेळा जेवत. जेवण रोजचे आणि पैसे मात्र पगार झाल्यावर. तोपर्यंत वाण्याच्या वहीवर उधारी चाले. वाणी थांबला नाही तर सावकार. शेकड्याला महिना दहा रुपये व्याज तिला अजून तोंडपाठ आहे. म्हणजे शंभर रुपयांचे वर्षाला एकशेवीस रुपये नुसते व्याजच झाले, मुद्दल वेगळेच!

१९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. पण बँक सरकारची झाली म्हणून खाणावळवालीला ती दार उघडेलच, असे नव्हते. तारण नाही, पगाराचा कागद नाही, अनेकींना सही येत नाही. ही कोंडी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने फोडली. खाणावळवाल्या बायकांचे गट करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. आजी त्या गटात नव्हती. तिच्या चाळीतल्या दोघी होत्या. "त्यांची सावकाराकडची भांडी सुटली," एवढे ती सांगते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. संपाचा इतिहास लिहिताना कामगार, पुढारी, मालक आणि सरकार यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण कामगार गावाकडे परतले तेव्हा त्यांना जेवू घालणाऱ्या बाईचा धंदाही त्याच महिन्यात बसला, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आजीकडे जेवणारे पंधराजण होते, त्यांतले चारच उरले. मागची उधारी बुडाली ती बुडालीच. लालबागची खोली सोडून, परळपासून पन्नासएक किलोमीटरवर जिथे भाडे परवडले तिथे, म्हणजे कल्याणला, ही मंडळी आली.

त्यानंतर आजीने दुसऱ्यांकडे भांडी-पोळ्या केल्या आणि मिळेल त्यातले थोडे तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवले. तिचे तत्त्व सोपे आहे. "नाव कशाला लागतंय? पैका हातात असला म्हंजी झालं." हे तत्त्व अडाणीपणाचे नाही. ज्या बाईला खात्यावर नाव मिळण्याची सोयच नव्हती, तिच्यासाठी कुणाला न दिसणारा पैसा हाच खरा आपला पैसा होता.

पण या तत्त्वाची मर्यादा ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री कळली. पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. आजीच्या डब्यातून पाचशेच्या चौदा नोटा निघाल्या, सात हजार रुपये. तिचे स्वतःचे खाते नव्हते, म्हणून ते वडिलांच्या खात्यात भरले. कुणी तिला फसवले नाही. घरासाठीच ते खर्च झाले. परंतु चौतीस वर्षे जो पैसा तिचा होता, तो एका दिवसात वडिलांच्या नावाचा झाला.

आईचा काळ : दहाजणींचा पैसा

आई डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्रात काम करते. संध्याकाळी गाडीतून उतरणाऱ्या नोकरदार बाईला तयार पोळ्या आणि निवडलेली भाजी लागते. या गरजेवर डोंबिवलीत असंख्य बायकांची घरे चालतात. मला गंमत वाटते ती अशी की, सासू जे काम लालबागला करत होती, तेच सून डोंबिवलीला करते. फरक एवढाच की सासूची खाणावळ स्वतःची होती आणि सून पगारी आहे. आजी पुरुषांना जेवू घालत होती, आईच्या पोळ्या बहुतेक बायका विकत नेतात.

आईची बचत म्हणजे भिशी. दहाजणी, दरमहा प्रत्येकीचे हजार रुपये, महिन्याला चिठ्ठी निघते आणि जिची निघेल तिला दहा हजार मिळतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर पहिली चिठ्ठी ज्या बाईची निघते तिला बिनव्याजी कर्ज मिळते. शेवटची जिची, तिने दहा महिने बिनव्याजी ठेव ठेवलेली असते. शेवटच्या बाईने तेच पैसे पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकले असते तर थोडे व्याज तरी मिळाले असते. मी हे आईला समजावले. ती म्हणाली, "पोस्ट मला दर महिन्याला विचारायला येतं का, पैसे का नाही दिलेस म्हणून? शकू येते." (नाव बदलले आहे.) भिशीत व्याज नसते, मात्र न चुकता टाकण्याची शिस्त असते आणि अडचणीत चिठ्ठी अदलाबदल करून घेण्याची माणुसकीही असते. या दोन गोष्टी पासबुकात दिसत नाहीत.

आईचे खाते २०१५ मध्ये जनधन योजनेत निघाले. बरीच वर्षे ते रिकामेच होते. २०२४ साली राज्य सरकारची लाडकी बहीण योजना आली, तेव्हा ते खाते जागे झाले. दरमहा पंधराशे रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात. या योजनेची वयोमर्यादा २१ ते ६५ ठरली. त्यामुळे आमच्या घरात सत्तरी ओलांडलेली आजी त्यात बसली नाही, मीही बसले नाही. मधली तेवढी बसली. योजनेविषयी मतभेद असू शकतात. मी फक्त एक निरीक्षण नोंदवते. त्या महिन्यापासून आई स्वतः बँकेत जाऊ लागली आणि पासबुक भरून आणू लागली.

माझा काळ : दिसणारा पैसा

मी चाळीतल्या पाचवी ते सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. महिन्याला तीन हजार रुपये मिळतात आणि ते बहुतेक मोबाइलवर येतात. २०१६ साली यूपीआय सुरू झाले तेव्हा मी शाळेत होते. त्यामुळे रोख मोजून पाकिटात ठेवायची सवय मला लागलीच नाही. एका महिन्याचे व्यवहार मी तपासले. एकूण ७१, त्यांपैकी ४६ पन्नास रुपयांच्या आतले. चहा, झेरॉक्स, रिक्षा, वडापाव. आजीच्या मते हीच उधळपट्टी. पण या ४६ व्यवहारांची बेरीज एक हजाराच्या आत भरली. म्हणजे खर्च फार वाढला असे नव्हे. तो बारीक बारीक झाला आणि प्रत्येक वेळी नोंदला गेला. आजीच्या काळात चहाचे पैसे कुणी लिहून ठेवत नव्हते.

नोंद राहण्याचा फायदा आहे, तसा तोटाही आहे. आजीचा डबा कुणाला दिसत नव्हता. माझा हिशेब मात्र फोन ज्याच्या हाती पडेल त्याला दिसतो. माझ्या पैशावर माझे नाव आहे, पण आजीला होता तो आडोसा मला नाही.

नाव कुणाचे?

या साऱ्या अभ्यासातून माझ्या ध्यानात आले ते असे की, आमच्या तीन पिढ्यांतला खरा फरक काटकसर आणि उधळेपणा यांतला नाहीच. काटकसर तिघींनीही आपापल्या परीने केली. फरक आहे तो पैशावर कुणाचे नाव, याचा.

हा प्रश्न आमच्या घरात सध्या नुसता चर्चेचा राहिलेला नाही. चाळ सोडून कल्याण पूर्वेलाच एक खोली-स्वयंपाकघराची जुनी सदनिका घ्यायचे चालले आहे. किंमत चोवीस लाख. अठरा लाख कर्ज, पंधरा वर्षे मुदत. साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे १७,७०० रुपये येतो. एकूण फेड बत्तीस लाखांच्या आसपास जाते. वडिलांना तीस हजार मिळतात, आईला बारा हजार. म्हणजे हप्त्याच्या दोन तृतीयांशाइतकी कमाई आईची आहे.

उरलेल्या सहा लाखांपैकी साडेतीन लाख माणच्या जमिनीचे आहेत. त्या जमिनीत ठाण्याला दिलेल्या आत्याचाही हक्क होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात वारसा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलींनाही दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. आत्याचे लग्न १९९१ चे. पुढे २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. पण आजोबांच्या मागे, २०१० साली, आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली. तिला कुणी जबरदस्ती केली नाही. माहेर तुटू नये, एवढेच तिच्या मनात होते. कायद्याने दिलेला हक्क रीतीने परत घेतला, आणि तो आमच्याच घराने घेतला, हे लिहिल्याशिवाय हा अभ्यास प्रामाणिक होणार नाही.

एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. आमच्या बाबतीत हे चोवीस हजार रुपये होतात. पुरुषाचे नाव जोडले तर सवलत नाही. मी हे घरात मांडले. वडील विचारात पडले, पण नाही म्हणाले नाहीत. नको म्हणाली ती आईच! "लोक म्हणतील, नवऱ्याला बाजूला केला." त्यावर आजी जे बोलली ते मला अनपेक्षित होते. "माझं सात हजार कुणाच्या नावावर गेलं, ते इच्यार की त्या लोकास्नी." हे लिहीत आहे तोवर निर्णय झालेला नाही, नोंदणी पुढच्या महिन्यात आहे.

माझे मत मी घरात सांगितले आहे, इथेही सांगते. चोवीस हजार वाचतात म्हणून आईचे नाव लागले, तर ते नाव कागदापुरतेच राहील. आत्याचे नावही सातबारावर लागू शकत होते. एका सहीने ते गेले. आईची कमाई त्या घरात आहे, म्हणून तिचे नाव लागले पाहिजे. कर्जाचा करार तिने वाचला पाहिजे, हप्ता कोणत्या तारखेला जातो हे तिला ठाऊक पाहिजे आणि घराची कागदपत्रे कुठे आहेत हेही. वाचून दाखवायचे काम माझे. घरातल्या पहिल्या महाविद्यालयीन मुलीने शिक्षणाचा एवढा उपयोग तरी करायलाच हवा.

माझ्या वर्गमैत्रिणींना आणि मित्रांनाही एक विनंती आहे. आजची पिढी उधळी की मागची चिकट, हा वाद घालण्याआधी आपापल्या घरात तीन गोष्टी पाहाव्यात : घर कुणाच्या नावावर आहे, ठेव कुणाच्या नावावर आहे, आणि ते घर व ती ठेव उभी करायला कुणाकुणाची कमाई लागली. ज्यांच्या घरात तिन्ही उत्तरे जुळत असतील त्यांचे अभिनंदन. ज्यांच्या घरात जुळत नसतील, त्यांनी ते घरी बोलून पाहावे आणि काय उत्तर मिळाले ते मला अवश्य सांगावे.