घड्याळाशी शर्यत आणि सायकलची मोजमापे



सायकलच्या रस्त्यावरील शर्यती मुख्यतः दोन तऱ्हेच्या असतात. एकीत सर्व स्पर्धक एकदम सुटतात आणि जो आधी पोहोचेल तो जिंकतो. दुसरीत स्पर्धकांना ठरावीक अंतराने एकेक करून सोडतात आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो विजयी होतो. हिला टाइम ट्रायल म्हणतात. आम्ही वर्गात तिला ‘घड्याळाशी शर्यत’ म्हणतो. हिच्यात दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवायला मनाई असते. स्वार, त्याची सायकल आणि समोरची हवा, एवढाच सामना.

प्रथम हवेचा हिशेब समजून घेऊ, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघाले आहेत. सपाट रस्त्यावर वेग वाढला की हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या पटीत. ताशी ३० किलोमीटरवरून ४० वर जायचे तर रोध ९ चा १६ होतो आणि शक्ती २७ ची ६४, म्हणजे दुपटीहून जास्त. सिल्वासाहून खानवेलच्या रस्त्याला समोरून वारा असताना सायकल हाकलेल्या मुलांना हे पायांनी ठाऊक आहेच, फक्त सूत्र ठाऊक नसते. या रोधातला मोठा वाटा सायकलचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. म्हणून स्वार जितका लहान होऊन, वाकून बसेल तितका फायदा.

किती फायदा? १९८९ च्या तूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची घड्याळाशी शर्यत होती. फ्रान्सचा लोरां फिन्यों एकूण वेळेत ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने हँडलला पुढे आलेल्या दांड्या बसवल्या होत्या. त्यांवर दोन्ही कोपरे जवळ घेऊन टेकता येते. त्याला एरो बार म्हणतात. लेमाँडने तो टप्पा ५८ सेकंदांनी जास्त वेगाने पार केला आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. सगळे श्रेय दांड्यांना देणे योग्य नाही. फिन्योंला त्या दिवशी बसण्याच्या जागी जखम होती आणि त्याने हेल्मेटही घातले नव्हते. पण त्यानंतर एरो बार सगळ्यांनाच हवेसे झाले.

खरा वाद पेटला तो स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीमुळे, आणि त्याची गोष्ट मुलांनी जरूर ऐकावी अशी आहे. ओब्रीकडे पैसा नव्हता, मोठा कारखाना पाठीशी नव्हता. त्याने स्वतः सायकल बनवली आणि तिच्यात धुलाई यंत्राचे बेअरिंग वापरले. हँडल इतके जवळ आणि अरुंद ठेवले की हात छातीखाली दुमडले जात, उतारावर बर्फावर घसरणारे खेळाडू बसतात तसे. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे त्याने एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला. सहाच दिवसांनी इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने ५२.२७० किलोमीटर केले. ओब्रीने १९९४ मध्ये तो विक्रम परत मिळवला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने त्याची बसण्याची पद्धत नियमबाह्य ठरवली आणि पालेर्मोच्या जागतिक स्पर्धेत त्याला बाद केले. मग त्याने हात सरळ पुढे ताणून बसण्याची नवी पद्धत काढली. तीही पुढे बंद झाली.

संघटनेचे म्हणणे असे की शर्यत माणसांची आहे, यंत्रांची नाही. हा विचार जुनाच आहे. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर याने आडवे पडून चालवायच्या सायकलवर एका तासाचा जुना विक्रम मोडला, तेव्हा १९३४ मध्ये संघटनेने तशा सायकली शर्यतीतून वगळल्या. ऑक्टोबर १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे संघटनेने आपली भूमिका जाहीरनाम्यात लिहून काढली आणि त्यावर आधारलेले मोजमापांचे नियम २००० पासून लागू झाले. आमचे मत विचाराल तर तत्त्व बरोबर आहे, पण ओब्रीला स्पर्धेच्या ठिकाणी नियम बदलून बाद करणे न्यायाचे नव्हते. नियम खेळापूर्वी सर्वांना ठाऊक हवा. परीक्षा सुरू झाल्यावर गुणदान बदलले तर आपण चालवून घेऊ का?

आता नियमांकडे वळू. सायकलचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी नसावे. दोन्ही चाके सारख्या मापाची असावीत. सीट जवळपास सपाट असावी. सीटचे पुढचे टोक कुठे असावे हे मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. सायकल सपाट फरशीवर सरळ उभी धरा आणि ओळंब्याची दोरी पायडलच्या मधल्या धुरीवरून जाईल अशी सोडा. सीटचे टोक या रेषेच्या मागे किमान ५ सेंटिमीटर हवे, असा नियम फार वर्षे होता. पुढे त्यात सवलती आल्या, परंतु टोक रेषेच्या पुढे गेलेले चालत नाही. त्याच रेषेपासून एरो बारच्या टोकापर्यंतचे आडवे अंतरही मोजतात. पूर्वी ते सर्वसाधारणपणे ७५ सेंटिमीटर होते आणि उंच स्वारांना वेगळी परवानगी मागावी लागे. त्यांची अडचण खरी होती. सहा फुटी माणसाला पाच फुटी माणसाच्या मापात कसे बसवणार? २०२३ पासून उंचीनुसार तीन गट झाले: १८० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीला ८०, १८० ते १९० च्या दरम्यान ८३ आणि १९० वा अधिक उंचीला ८५ सेंटिमीटर. सुटण्यापूर्वी पंच सायकल मापाच्या चौकटीत उभी करून तपासतात. मापात बसली नाही तर त्या सायकलवर सुटू देत नाहीत.

काही नियम थेट जिवाशी संबंधित आहेत. एकदम सुटणाऱ्या शर्यतीत एरो बारला बंदी आहे, कारण त्यावर टेकल्यावर हात ब्रेकपासून दूर असतात आणि गर्दीत सायकल सावरता येत नाही. उतारावर सीट सोडून फ्रेमच्या दांडीवर बसणे १ एप्रिल २०२१ पासून बंद झाले. दुधनीकडच्या उतारांवर ही करामत करणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी हे दोनदा वाचावे.

आपल्या मराठी मुलखात याच घड्याळाशी झुंजणारे मोठे स्वार झाले आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. त्या शर्यतीत वर सांगितलेली मापे लागू नाहीत. आडव्या सायकलींना तिथे वेगळा गट आहे. मात्र रात्री दिवे आणि मागून साथीची गाडी यांबाबत नियम कडक आहेत. शर्यत बदलली की भीती कशाची ते बदलते आणि नियमही त्याप्रमाणे बदलतात.

पालकांना एक विनंती. घड्याळाच्या शर्यतीची खास सायकल फार महाग असते आणि वाढत्या वयाच्या मुलाला ती दोन वर्षांत लहान पडते. मूल एखाद्या स्पर्धेत उतरणार असेल तर आधी त्या स्पर्धेचे परिपत्रक मागवा, कोणती सायकल चालते ते पाहा आणि मगच दुकानात जा. विश्वस्त मंडळींना आमची सूचना इतकीच की क्रीडा खोलीत एक ओळंबा, एक पातळी आणि एक पोलादी टेप ठेवावा. त्यासाठी वेगळा निधी लागू नये.

विद्यार्थ्यांसाठी गणित: सिल्वासा ते खानवेल २० किलोमीटर धरा. ताशी ३० ऐवजी ३२ किलोमीटर वेगाने गेल्यास किती वेळ वाचेल? हवेवर मात करायला शक्ती शेकडा किती जास्त लागेल? उत्तरे कृतीसह वहीत लिहून आणावीत. ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांनी सीटचे टोक ओळंब्याच्या रेषेच्या किती मागे आहे, तेही मोजून लिहावे.