बी.ए. अर्धवट सोडू का?

प्रश्न : रामघाटाजवळ राहते. इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माहितीपट करायचे आहेत. काका म्हणतात, बी.ए.चा काही उपयोग नाही, एडिटिंगचा कोर्स कर. काय करू?
– एक वाचक, उज्जैन

उत्तर : पदवी मुळीच सोडू नका. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-संस्थेत दिग्दर्शन, संकलनासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण पदवी लागते. दिग्दर्शक नागराज मंजुळे आधी मराठीत एम.ए. झाले, मग नगरला संज्ञापन शिकले. त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इतिहास आणि कला जोडीने चालू शकतात : तुमच्याच गावचे वि. श्री. वाकणकर चित्रकार आणि पुरातत्त्वज्ञ, दोन्ही होते. भीमबेटकाची शैलचित्रे १९५७मध्ये त्यांनी हेरली.

काकांचं एक खरं आहे. इतिहासाच्या वर्गात कॅमेरा धरायला शिकवत नाहीत. एडिटिंग सुट्टीत शिका. फी भरण्याआधी त्या कोर्सच्या माजी विद्यार्थ्यांचं काम बघा. नोकरीची हमी देणाऱ्यांपासून लांबच राहा.

तोवर घाटावरच्या एखाद्या पंड्याच्या वंशावळीच्या वहीवर, त्यांची परवानगी घेऊन, मोबाइलवर पाच मिनिटांची फिल्म करा. त्यांना काय विचारायचं, हे इतिहासाच्या विद्यार्थिनीला इतरांपेक्षा जास्त सुचेल. २०२८च्या सिंहस्थाची गर्दी व्हायच्या आत सुरुवात करा.