उंचीसाठी हार्मोनची इंजेक्शनं द्यावीत का?

प्रश्न : माझा मुलगा १० वर्षांचा, उंची १२८ सेंमी. शाळेच्या रांगेत कायम पहिला. माझी उंची १५०, त्याच्या बाबांची १६३. नातेवाईक म्हणतात, हार्मोनची इंजेक्शनं सुरू करा. काय करू?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, उंची कमी म्हणजे हार्मोन कमी, असं नसतं. तुम्हा दोघांच्या उंचीच्या बेरजेत १३ मिळवून निम्मे करा. मुलाची अपेक्षित उंची साधारण १६३ सेंमी येते. भारतीय मुलांच्या २०१५ च्या वाढ-तक्त्यातही तो बसतो. मला उंचीपेक्षा वेग महत्त्वाचा वाटतो. शाळेतल्या जुन्या नोंदी काढा. या वयात वर्षाला ५ सेंमीच्या आसपास वाढ हवी. ती ४ पेक्षा कमी असेल, किंवा वजन वाढूनही उंची अडली असेल, तर मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना जरूर दाखवा. ते डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय पाहतील, थायरॉइड तपासतील. बाबांची उंची दहावीनंतर वाढली होती का, तेही सांगा. अशा घरांत मुलंही अनेकदा उशिरा उंच होतात.

ग्रोथ हार्मोन रोज, किंवा नव्या प्रकारात आठवड्यातून एकदा टोचावं लागतं, तेही अनेक वर्षं. सिद्ध कमतरता किंवा ठरावीक आजारांतच ते द्यायचं. उंचीच्या पावडरी मात्र आणूच नका. त्या पैशांत अंडी, दूध, डाळी येतील.