परसातलं कबड्डीचं मैदान

बाळा, कापडे गावातल्या जुन्या घरामागे कबड्डीचं मैदान करायचं म्हणतोस, जरूर कर. पण फक्की आणि शिट्टी विकत घेण्याआधी आषाढात चार दिवस घरी ये. मागच्या पडवीत बस आणि परसात पाणी कुठून शिरतं, कुठे तुंबतं, कुठून निघून जातं ते बघून ठेव. पोलादपूर तालुक्यात मैदान बिघडतं ते पाण्यानेच.

पुरुषांचं मैदान दोन्ही बाजूंच्या राखीव क्षेत्रासकट १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. मुलींचं १२ बाय ८. लहान पोरांना ११ बाय ८ पुरतं. शिवाय रेषेबाहेर चहूकडे मोकळी जागा हवी, कारण पकडीत गडी रेषेवर थांबत नाही, ढकलला जातो. तिथे विहिरीचा कठडा, तुळशीवृंदावन किंवा दगडी पायरी असेल तर ती जागा सोडूनच दे. आणि मोठं मैदान बसत नसेल तर लहान कर. मागचा उतार खोदून जागा वाढवायची नाही, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे. २२ जुलै २०२१ ला महाडचं तळीये आणि आपल्याच तालुक्यातलं केवनाळे, साखर-सुतारवाडी दरडीखाली गेलं, ते तू पाहिलंस. डोंगराच्या पायथ्याची माती काढली की वरची माती आधार शोधत खाली येते. जेसीबीवाला म्हणेल, दोन तासांचं काम आहे. त्याला चहा पाज आणि परत पाठव.

घराच्या जोत्याजवळही खणू नकोस. जुनं जोतं दगड-मातीचं असतं, सिमेंटचं नाही. बाजूची माती हलली की भिंतीला तडा जातो. पाण्याचा पाइप, शोषखड्डा आणि डोक्यावरून गेलेली विजेची तार कुठे आहे ते आधी विचारून घे. फणसाखाली तर मैदान नकोच. खेळायचा हंगाम आणि फणस पडायचा हंगाम एकच.

परस एकट्या तुझं नाही. सातबाऱ्यावर नाहीतर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर किती नावं आहेत ते काढून बघ. गणपतीत सगळे भाऊबंद गावी असतात, तेव्हाच विषय मांड. आत्यांनाही विचार, त्यांचाही हक्क आहे. फोनवर मिळवलेला होकार पुढच्या शिमग्यात टिकत नाही.

कामाला हात लाव दिवाळीनंतर, भाताची झोडणी उरकली की. तेव्हा मातीत ओल असते आणि गडीही मोकळे असतात. वैशाखात तीच माती दगडासारखी होते, वर विहिरीचं पाणीही आटलेलं असतं. पाऊण फूट माती काढ, दगड आणि मुळं वेच, माती चाळणीतून चाळ. तळाला मुरूम ठोकून बसव, त्यावर चाळलेली माती पसर, पाणी मारून एक रात्र मुरू दे आणि मग चोपण्याने चोप. वाडीत ज्यांनी जन्मभर खळी केली ती माणसं अजून आहेत. त्यांना मानाने बोलव, त्यांच्या हाताला मातीची ओल कळते. फक्त खळ्याइतकं टणक करायचं नाही. वरचा दोन बोटांचा थर मोकळा ठेव, थोडा लाकडाचा भुसा मिसळ. आणि शेणाचा सडा इथे नको. खरचटलेल्या गुडघ्याला धनुर्वाताची भीती असते. धूळ बसवायला साधं पाणी पुरतं.

मैदानाचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला ठेव, मीटरमागे एक सेंटिमीटर. गवंड्याकडची पाण्याची नळी लावून बघ, डोळ्यांवर विसंबू नकोस. काटकोन बरोबर आला का हे कर्ण मोजून कळतं: १३ बाय १० ला दोन्ही कर्ण १६.४० मीटर यायला हवेत, १२ बाय ८ ला १४.४२. मध्यरेषेपासून निदान रेषा पुरुषांना ३.७५ मीटर, मुलींना ३ मीटर, आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा.

काँक्रीट करू नकोस, कोणी कितीही सांगितलं तरी. पोरांची ढोपरं जातात आणि पावसाचं पाणी मुरायचं सोडून जोत्यात घुसतं. आजकाल मोठे सामने मॅटवर होतात, खरं आहे. पण मॅटला पक्कं छप्पर लागतं, आणि पाय रोवायचा, अंग टाकायचं ते पोर मातीतच शिकतं.

डोंगराच्या बाजूने चर मे महिन्यातच काढ आणि तो पऱ्ह्यापर्यंत ने. कडेचा गडगा सुकाच रच, सिमेंट भरलंस तर पाणी अडेल आणि गडगा ढासळेल. वेचलेल्या दगडांचा ढीग मैदानाशेजारी ठेवू नकोस, त्यात घोणस आणि मण्यार घर करतात. संध्याकाळी दिवा लावूनच खेळा, आणि त्या दिव्याची वायर जुन्या घराच्या कुजक्या वायरिंगला जोडू नका. कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिनी, १५ जुलैला, कबड्डी दिन असतो. आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस. त्या दिवशी फावडं घे आणि चर मोकळा कर. पावसाळ्यात मैदानावर कोणी उतरायचं नाही. वरचा थर दरवर्षी नव्याने करावा लागेल, तो खर्च आणि ती मेहनत आजच धरून चाल.

आणि एक. मुलींची वेळ पहिल्या दिवसापासून ठरवून दे, नाहीतर मुलगे ती कधीच सोडणार नाहीत. तू वर्षातून तीनदा येणार, घर बाकीचे दिवस बंद. फाटकाची चावी वाडीतल्या एखाद्या जबाबदार माणसाकडे दे, तुझ्या मागेही पोरं खेळली पाहिजेत. मुंबईला जाताना मैदानाला कुलूप लावणार असशील तर ते करूच नकोस, त्या जागेत चार वाफे भाजी कर.