पोर्ट स्कॅन दिसला म्हणून झोप उडवू नकोस

अगं, तुझा स्क्रीनशॉट पाहिला. ‘पोर्ट स्कॅन अ‍ॅटॅक ब्लॉक केला’ असं अँटिव्हायरस म्हणतोय आणि समोरचा आयपी पत्ता दहाने सुरू होतोय, म्हणजे हॉस्टेलच्याच नेटवर्कवरचं कुठलं तरी मशीन आहे. खाली तू विचारलंयस, ‘ताई, माझ्या मागे कोणी लागलंय का?’ ते वाचून मला लॅपटॉपपेक्षा तुझीच काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी स्कॅनमध्ये नेमकं काय होतं ते समजून घे. प्रत्येक मशीनवर टीसीपीचे ६५,५३५ पोर्ट असतात. स्कॅन करणारा एकेका पोर्टला जोडणीची विनंती करणारं छोटंसं पॅकेट पाठवतो. तिथे एखादा प्रोग्राम ऐकत असेल तर होकार जातो, नसेल तर नकार, आणि फायरवॉलने अडवलं तर बहुतेक वेळा काहीच जात नाही. एवढंच. तुझी फाइल उघडत नाही की पासवर्ड कोणाच्या हाती लागत नाही. एनमॅप हे साधन १९९७ पासून फुकट मिळतंय. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झीमॅप काढलं, त्याने चांगल्या जोडणीवरून आयपीव्ही४ चं अख्खं इंटरनेट, एका पोर्टपुरतं, पाऊण तासाच्या आत तपासून होतं. इंटरनेटला थेट जोडलेल्या मशीनवर दिवसभर स्कॅन येतच असतात, त्यात व्यक्तिगत काही नसतं.

हॉस्टेलमध्ये तर कारणं आणखी साधी असतात. नेटवर्क सिक्युरिटीचं प्रॅक्टिकल करणारी मुलं, कॉलेजच्या नेटवर्क विभागाची स्वतःची तपासणी. कधी कधी प्रिंटर किंवा टीव्ही शोधणारा एखादा फोनसुद्धा अँटिव्हायरसला संशयास्पद वाटतो.

पण एक शक्यता मी हलक्यात घेणार नाही. स्कॅन करणारं मशीन स्वतःच व्हायरसने धरलेलं असू शकतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय पसरला तो असाच. एका मशीनमध्ये शिरला की आसपासच्या मशीनचा ४४५ नंबरचा पोर्ट स्वतःच चाचपत सुटायचा. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा अपडेट मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता, त्यांच्या मशीनमध्ये वॉनाक्राय घुसला. तेव्हा ‘रिमाइंड मी लेटर’ दाबत बसू नकोस.

शिवाय कॉलेजच्या वायफायवर घराच्या मानाने आडोसा कमी असतो. बाहेरून येणारं बरंचसं कॉलेजचा फायरवॉल अडवतो, पण शेजारच्या खोलीतला लॅपटॉप त्या भिंतीच्या आतच आहे. नेटवर्क विभागाने वायफायवरची मशीन एकमेकांपासून वेगळी ठेवली नसतील, तर मध्ये उभा असतो तो फक्त तुझ्या लॅपटॉपचा फायरवॉल. म्हणून कोण स्कॅन करतंय यापेक्षा तुझं मशीन काय उत्तर देतंय, ते बघ.

विंडोजच्या सेटिंगमध्ये हॉस्टेलचं वायफाय ‘पब्लिक’ आहे ना? मुली सिनेमे शेअर करायला ते ‘प्रायव्हेट’ करतात आणि ‘एव्हरीवन’ला उघडा केलेला फोल्डर सेमिस्टरभर तसाच राहतो. तो आजच बंद कर.

मग तुझ्या कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टसाठी चालू केलेलं काही उघडं राहिलंय का, ते बघ. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट चालव, सोबत हायफन आणि ए-एन-ओ. ‘लिसनिंग’ लिहिलेल्या ओळींत लोकल अ‍ॅड्रेसचा रकाना बघ. तिथे १२७.०.०.१ असेल तर तो प्रोग्राम फक्त तुझ्याच मशीनशी बोलतो. ०.०.०.० असेल तर तो सगळ्या नेटवर्कवर ऐकतोय. विंडोजचे स्वतःचे काही तसे दिसतीलच, त्यांना घाबरू नकोस, त्यांच्यासाठी फायरवॉल आहे. तू स्वतः चालू केलेले शोध. मैत्रिणीला फोनवर प्रोजेक्ट दाखवायचा म्हणून फ्लास्कमध्ये ०.०.०.० लिहिलं जातं आणि डीबग मोडसकट तसंच राहून जातं. डेटाबेस म्हणून टाकलेली मोंगोडीबी बिनापासवर्डची चालू राहते. २०१७ च्या जानेवारीत अशा हजारो उघड्या मोंगोडीबी लोकांनी रिकाम्या केल्या आणि आत खंडणीची चिठ्ठी ठेवली. लिनक्सवर डॉकर वापरत असशील तर आणखी सांभाळ: उघडलेल्या पोर्टसाठी तो स्वतःचे नियम लिहितो, यूएफडब्ल्यू फायरवॉलने बंद केलाय असं तुला वाटतं आणि पोर्ट उघडाच असतो.

एवढं केलंस की उरलेले इशारे येऊ देत. तोच पत्ता रोज दिसायला लागला, किंवा स्कॅननंतर लॉगिनचे प्रयत्न सुरू झाले, तर तारीख, वेळ आणि पत्ता लिहून नेटवर्क विभागाला मेल कर. त्या वेळी तो पत्ता कोणाच्या मशीनला दिला होता, याची नोंद सहसा त्यांच्याकडे असते. उलट स्कॅन मात्र करू नकोस. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं आयटी कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांत येतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. नुसता स्कॅन त्यात बसतो की नाही, हा वाद डीनच्या केबिनमध्ये उभं राहून घालायची वेळ तुझ्यावर नको. शिकायचंच असेल तर एनमॅपवाल्यांनी सरावासाठी ‘स्कॅनमी’ नावाचं मशीन मुद्दाम मोकळं ठेवलंय, त्यावर शिक.

आणि आता खरं सांग. ‘मागे लागलंय’ असं तुझ्या मनात आलं ते नुसत्या या इशाऱ्यामुळे, की कोणी मुलगा त्रास देतोय? कारण तसं करणारी माणसं सहसा पोर्ट स्कॅनच्या वाटेला जात नाहीत. लॅबच्या संगणकावर उघडं राहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप, कधीतरी सांगून ठेवलेला पासवर्ड, बंद करायचं राहिलेलं लोकेशन शेअरिंग, त्यांना एवढं पुरतं. व्हॉट्सअ‍ॅपमधली ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी आणि गुगल खात्यातली उपकरणं आत्ताच तपास, अनोळखी दिसेल ते काढून टाक आणि पासवर्ड बदल. तसं काही असेल तर मेसेज टाइप करत बसू नकोस, सरळ फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आईला कधी आणि कसं सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.