आजारी नातवंडाला भेटण्यापूर्वी



घरातील मूल कॅन्सरच्या उपचारासाठी इस्पितळात आहे असे कळले की आपली माणसे डबा घेऊन धावतात. बिकूर होलीम हे आपले कर्तव्यच. परंतु या मुलांना साध्या जंतूंपासूनही जिवाचा धोका असतो. आम्ही डॉक्टर नव्हे, शिक्षक. म्हणून हा विषय धड्याप्रमाणेच मांडतो.

कॅन्सरच्या पेशी झपाट्याने वाढतात आणि केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींनाच मारतात. हाडांच्या मगजात रक्तपेशीही त्याच वेगाने तयार होत असल्याने त्यांवरही घाला पडतो. त्यांतील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी म्हणजे जंतूंवर प्रथम धावून जाणारे शिपाई. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारणपणे 1500 हून अधिक असतात. औषधानंतर बहुधा एक ते दोन आठवड्यांत त्या अगदी कमी होतात. ही संख्या जितकी कमी तितका जंतुसंसर्ग अधिक, हे जेराल्ड बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली दाखवून दिले. 500 च्या खाली धोका फारच वाढतो.

जंतू येतात कोठून? पुष्कळदा मुलाच्याच तोंडातून, आतड्यांतून व कातडीवरून. औषधाने तोंड सोलवटते. शिवाय मोठ्या शिरेत बसविलेली नळी हे जंतूंना आणखी एक दार. बाकीचे आपल्या हातांनी आणि शिंकांनी येतात.

शिपाईच नसल्यामुळे पू होत नाही, सूजही फारशी दिसत नाही. कित्येकदा ताप हीच एक खूण. पूर्वी जंतू कोणता हे कळेपर्यंत थांबत आणि तेवढ्यात रोगी दगावे. न थांबता अँटिबायोटिक सुरू करण्याची पद्धत स्टीफन शिंफ व सहकाऱ्यांनी 1971 साली मांडली. आज ते औषध तासाभरात सुरू करण्याचा प्रयत्न असतो.

म्हणून लक्षात ठेवावे:

1. मूल घरी असताना ताप 38 अंशांवर, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यावर गेला, तर रात्र असली तरी वॉर्डला फोन करून थेट मियूनमध्ये न्यावे. उद्या कुपत होलीममध्ये दाखवू, असे म्हणू नये.

2. न विचारता ताप उतरविण्याची गोळी देऊ नये; खूण झाकली जाते. गुदद्वारात थर्मामीटर घालू नये.

3. मुलाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावे. सर्दी, खोकला, जुलाब असल्यास भेटीस जाऊ नये. ज्या घरात कांजिण्या आल्या आहेत तेथील कोणीही जाऊ नये.

4. फुले व कुंडीतील झाडे नेऊ नयेत. डबा नर्सला विचारूनच द्यावा.

5. घरातील सर्वांनी फ्लूची लस घ्यावी.

आणि जाता आले नाही तर वाईट वाटून घेऊ नये. आईबापांना गरम जेवण पोहोचवावे, धाकट्या भावंडांना शाळेत नेऊन आणावे. त्या घराला या दिवसांत याचीच अधिक गरज असते.