दाराची रबरी किनार

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांना पावसाचे अप्रूप नाही. एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास उल्हास नदी आणि पूर्वेस सह्याद्रीच्या रांगा असलेल्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हा पाऊस नेहमी सरळ वरूनच येतो असे नाही. वारा सुटला की तो आडवा येतो आणि धावत्या वाहनांच्या चाकांनी उडाला की खालूनही येतो. अशा पावसात मोटारीत बसलेला माणूस कोरडा राहतो. त्याचे श्रेय आपण छपराला आणि काचांना देतो. परंतु या कामाचा मोठा भार जी उचलते, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे दाराच्या चौकटीभोवती फिरवलेली काळी रबरी किनार होय. दुरुस्तीचे कारागीर तिला ‘रबर बीडिंग’ किंवा नुसते ‘दाराचे रबर’ म्हणतात.

किनारीची गरज का पडते, हे प्रथम पाहू. दार आणि चौकट यांच्यामध्ये काही मिलिमीटरांची फट ठेवावीच लागते. फट नसेल तर पत्र्यावर पत्रा घासेल आणि दार उघडणार नाही. ही फट म्हणजे पाण्याला आयतेच निमंत्रण! पाणी तिच्यातून तीन प्रकारे आत शिरते. स्वतःच्या वजनाने ते खाली ओघळते. वाऱ्याच्या जोराने ते आत ढकलले जाते. तिसरा प्रकार अधिक गुप्त आहे. फट अगदी अरुंद असेल तर पाणी केशाकर्षणाने आपणहून तिच्यात ओढले जाते. दिव्याच्या वातीत तेल चढते, ते याच गुणामुळे. म्हणून फट केवळ अरुंद केल्याने पाणी थांबत नाही.

हा प्रश्न कल्याणला फार पूर्वीपासून परिचित आहे. कल्याण हे प्राचीन बंदर होते. 1657 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची जहाजे आकार घेऊ लागली. लाकडी जहाजाच्या दोन फळ्यांमधील सांधा हीदेखील एक फटच असते. जहाजे बांधणारे कारागीर अशा सांध्यांत कापूस आणि राळ ठासून भरीत. लाकूड पाण्यात फुगे आणि सांधा अधिकच घट्ट होई. मात्र जहाजाचा सांधा एकदा मिटला की मिटला. मोटारीचे दार दिवसातून अनेकदा उघडावे आणि मिटावे लागते. तेथे कापूस आणि राळ यांचा काय उपयोग? तेथे हवा असा पदार्थ, जो दाबला असता दबेल आणि सोडला असता पुन्हा पूर्ववत होईल.

पुढे मोटारीच्या दाराचा हा प्रश्न ठाणे जिल्ह्यातही येऊन पोहोचला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ला येथे तिचा कारखाना होता. तेथे तयार झालेली फियाट आणि पुढे 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली मोटार मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने घरोघरी परिचित झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये ती मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. याच कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीनजीक होता. 1994 मध्ये फ्रान्समधील प्यूजो कंपनीशी भागीदारी होऊन तेथे ‘प्यूजो 309’ ही मोटार बनू लागली. हे उत्पादन काही वर्षांतच थांबले. तथापि, मोटार मुंबईची असो वा फ्रान्सची, चार दारे म्हटली की चार चौकटी आल्या आणि चारही चौकटींभोवती मिळून कित्येक मीटर रबरी किनार आली. तिच्यातील बोटभर भाग सदोष असला, तरी साऱ्या किनारीचे श्रम वाया जातात.

रबर हा पदार्थ झाडाच्या चिकापासून मिळतो, हे तुम्ही जाणताच. 1823 मध्ये चार्ल्स मॅकिंटॉश याने कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा लेप देऊन पावसाळी कोट तयार केले. परंतु ते कोट थंडीत कडक होत आणि उन्हात चिकट होत. 1839 मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला असे आढळले, की रबरात गंधक मिसळून ते तापवले असता त्याचा हा दोष नाहीसा होतो आणि त्याला टिकाऊ लवचीकपणा येतो. या क्रियेस व्हल्कनीकरण म्हणतात. तरीही झाडाच्या रबरात एक उणीव राहिली. ऊन आणि हवेतील ओझोन वायू यांच्या माऱ्याने त्याला बारीक तडे जातात. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ‘ईपीडीएम’ नावाचे कृत्रिम रबर बाजारात आले. ऊन, पाऊस आणि ओझोन यांना ते वर्षानुवर्षे तोंड देऊ शकते. आज मोटारींच्या दारांच्या किनारी बहुधा याच रबराच्या असतात. त्यात काजळी मिसळलेली असते. तिच्यामुळे रबर काळे दिसते, बळकट होते आणि उन्हाचा मारा सोसते.

ही किनार बनवण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. दिवाळीत घरी चकलीचे पीठ सोऱ्यात भरून दाबतात आणि ताटलीच्या भोकाच्या आकाराची चकली बाहेर पडते. कारखान्यातही रबराचा गोळा यंत्रात भरून पोलादी साच्याच्या भोकातून रेटतात. जसे भोक, तशी पट्टी. पुढे ती पट्टी तप्त भट्टीतून जाते आणि तेथे तिचे व्हल्कनीकरण होते. किनारीचा जो भाग मऊ हवा, त्याच्या रबरात उष्णतेने वायू सोडणारे द्रव्य आधीच मिसळलेले असते. सोड्याने ढोकळा फुगावा तसे ते रबर फुगते आणि स्पंजासारखे जाळीदार होते. येथे वेळेचा मेळ नेमका साधावा लागतो. रबर आधी पक्के झाले तर ते फुगत नाही आणि वायू आधी सुटला तर तो निसटून जातो.

अशा किनारीचा तुकडा आडवा कापून पाहिला, तर त्यात दोन भाग दिसतात. एक भाग इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा असून तो घट्ट रबराचा असतो. त्याच्या पोटात धातूची पट्टी असते आणि तो चौकटीच्या पत्र्याला चिमट्यासारखा पकडतो. दुसरा भाग म्हणजे स्पंजासारख्या रबराची पोकळ नळी. दार मिटताना हीच नळी दबते आणि फट भरून काढते.

आता खरी कसोटी लागते. नळी किती मऊ असावी? ती फार मऊ असेल तर वाऱ्याचा झोत तिला बाजूला सारून पाणी आत आणील. ती फार ताठ असेल तर दार जोराने आपटल्यावाचून मिटणार नाही आणि लहान मुलांना व वृद्धांना ते लावता येणार नाही. शिवाय फट सर्वत्र सारखी नसते. पत्रा दाबताना व जोडताना एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच. जेथे फट रुंद तेथेही नळीने पोहोचावे आणि जेथे अरुंद तेथेही तिने दाराला अडवू नये, अशी दुहेरी जबाबदारी तिच्यावर असते. त्यात कोपऱ्यांची अडचण वेगळीच. पोकळ नळी एकदम वळवली की तिला घडी पडते आणि त्या घडीतून पाणी शिरते. म्हणून चौकटीचे कोपरे गोलसर ठेवतात, किंवा कोपऱ्यापुरता वेगळा ओतीव तुकडा जोडतात. नळीला जागोजाग बारीक छिद्रेही ठेवलेली असतात. दार मिटताना नळीतील हवा त्यांतून बाहेर जाते. हवा कोंडली गेली, तर नळी फुग्यासारखी ताठ होऊन दाराला उलट ढकलील.

आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे काळ. मोटार बहुतेक वेळ दारे मिटूनच उभी असते. त्यामुळे रबर सतत दबलेले राहते. वाईट रबर हळूहळू दबलेलेच राहू लागते. दार उघडले तरी ते पूर्ववत फुगत नाही. म्हणून प्रयोगशाळेत रबराचा तुकडा एक चतुर्थांशाने दाबून, उदाहरणार्थ 70 अंश सेल्सिअस उष्णतेत 22 तास ठेवतात. मग तो सोडून किती सावरला, हे मोजतात. जो दाबाखालूनही सावरतो, तोच या कामास योग्य ठरतो.

इतके करूनही पाणी मुळीच आत येत नाही असे समजू नये. दाराची काच वर-खाली सरकते. तिच्या दोन्ही बाजूंचे रबर तिला कितीही घट्ट पुसत असले, तरी थोडे पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतेच. रचनाकारांना हे ठाऊक असते. म्हणून ते दाराच्या तळाशी लहान छिद्रे ठेवतात. आत उतरलेले पाणी त्यांतून बाहेर वाहून जाते. दाराचा तळ आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक पडदाही चिकटवलेला असतो. कोकणातील कौलारू छपराची रीतही अशीच आहे. कौले एकमेकांना चिकटवलेली नसतात. ती एकीवर एक टेकलेली आणि उतरती असतात, आणि पाणी पागोळ्यांच्या रूपाने अंगणात पडते. तलावाच्या बांधाला सांडवा ठेवतात, तोही याच हेतूने. पाण्याला केवळ अडवणे पुरेसे नसते. जे अडवता येत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते.

ही वाट बुजली की नुकसान होते. छिद्रांत चिखल बसला तर दारात पाणी साचते, मोटार चालताना ते खळखळते आणि पत्रा आतून गंजू लागतो. वरून रंग चकचकीत आणि आतून पत्रा पोकळ, अशी दाराची स्थिती होते. पायाखालचा गालिचा भिजला की पुष्कळ लोक लगेच किनार बदलतात. पण दोष कधी बुजलेल्या छिद्रांत, तर कधी फाटलेल्या पडद्यात असतो. म्हणून जाणता कारागीर आधी पाण्याची वाट शोधतो आणि मगच हत्यार हाती घेतो. किनारीची परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार मिटावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निसटली, तर त्या जागी रबर नीट टेकत नाही असे समजावे. घरातील शीतकपाटाच्या दारावर हा प्रयोग तुम्हांला करून पाहता येईल.

मात्र या किनारीची मर्यादाही ओळखली पाहिजे. ती पावसासाठी आहे, पुरासाठी नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. ठाणे व कल्याणच्या परिसरातही हाहाकार उडाला. त्या दिवशी मुंबईत काही लोक बंद मोटारींतच अडकून मृत्यू पावले. असे का घडते, ते गणिताने कळते. दाराची रुंदी एक मीटर धरली आणि बाहेरचे पाणी दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर वर चढले, तर आत पाणी नसताना त्या दारावर सुमारे सव्वाशे किलो वजनाइतका दाब पडतो. आतून एवढा भार ढकलून दार उघडणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. पाणी भिनल्यावर विजेवर चालणाऱ्या काचाही बंद पडू शकतात. यास्तव साचलेल्या पाण्यात मोटार घालूच नये. अडकल्यास पाणी वाढण्याची वाट न पाहता लगेच काच खाली करावी आणि सर्वांनी बाहेर पडून उंच जागी जावे. हा नियम मुलांनी स्वतः लक्षात ठेवावा आणि वडीलधाऱ्यांनाही सांगावा.

अशी ही साधी दिसणारी किनार. तिला रंग नाही की झळाळी नाही, आणि मोटार विकत घेताना तिची चौकशीही कोणी करीत नाही. ती पाण्याशी बळाने झुंजत नाही. दाराने दाबले की दबते, दार उघडले की सावरते आणि पुन्हा आपल्या जागी उभी राहते. आडव्या पावसात प्रवासी कोरड्या अंगाने घरी पोहोचतात, ते तिच्या या मऊपणामुळेच.

स्वाध्याय

1. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाणी फटीतून कोणत्या तीन प्रकारे आत शिरते?
(आ) किनारीच्या नळीला बारीक छिद्रे का ठेवतात?
(इ) गुडइयरला रबराविषयी काय आढळले?

2. कारणे द्या.
(अ) जहाजाच्या सांध्याची रीत मोटारीच्या दाराला चालत नाही.
(आ) दाराच्या तळाशी छिद्रे असणे आवश्यक असते.
(इ) पुराच्या पाण्यात मोटारीचे दार उघडणे कठीण होते.

3. ‘जे अडवता येत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते’ या वाक्याचा अर्थ पाठातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

4. आयते निमंत्रण असणे, हाहाकार उडणे, आवाक्याबाहेर असणे या शब्दसमूहांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

5. उपक्रम : जेवणाचा डबा, प्रेशर कुकर, पाण्याचा नळ यांतील रबरी कड्या पाहा. प्रत्येक कडी काय अडवते आणि ती झिजल्यास काय घडते, हे वहीत लिहा.